पाकिटावर नाव कुणाचं?

गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले आणि त्यांची पत्रं चुकून बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागली. शेवटी १९४० साली गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं गेलं. एका माणसाच्या टपालासाठी एवढं झालं! मग पोटगीसाठी, सल्ल्यासाठी आपल्याकडे येणाऱ्या बाईला पत्र धाडताना आपण किती विचार करतो?

आपल्याच कार्यालयांतून जाणारी पाकिटं बघा. 'सौ. अमुक, द्वारा श्री. तमुक'. आणि तक्रार त्या तमुकाविरुद्धच! पोस्टमनला दोष देऊन काय उपयोग? 'द्वारा' लिहून पत्र कुणाच्या हाती द्यायचं ते आपणच सांगितलेलं असतं.

म्हणून पहिल्या ओळीत तिचं नाव हवं, तेही ओळखपत्रावर असेल तसं. माहेरचं की सासरचं, ते तिलाच विचारावं. खेड्यात घर पुरुषाच्या नावानं ओळखलं जातं, हे खरंच आहे. ती भावाकडे राहत असेल तर भावाचं नाव जरूर लिहा, पण खालच्या ओळीत, घराची खूण म्हणून. मग वॉर्ड, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली पिन पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. त्यातले ४४२ हे आकडे वर्ध्याप्रमाणे चंद्रपूर-गडचिरोलीलाही आहेत. पत्र वाटणारं डाकघर शेवटच्या तीन आकड्यांवरून कळतं. वर्धा ४४२००१, सेवाग्राम ४४२१०२. पण एकाच पिनखाली अनेक गावं असतात, तेव्हा पिन लिहिला म्हणून गावाचं नाव गाळू नये.

पाठवणाऱ्याचा पत्ता लिहावाच, नाहीतर न पोचलेलं पत्र परत कुठे येणार? मात्र त्यावर 'अत्याचारविरोधी केंद्र' असा ठसठशीत शिक्का कशाला? पाकीट फोडायच्या आधीच घरादाराला सगळं कळतं. कार्यालयाचा नुसता पत्ता पुरे.

कायद्यालाही बाईच्या हाती कागद द्यायला फार उशीर लागला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, समन्स ज्याच्या नावे आहे तो सापडला नाही तर ते घरातल्या प्रौढ पुरुषाकडे द्यावं, असं कलम ६४ होतं. त्यातला 'पुरुष' गेला तो १ जुलै २०२४ ला, नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तेव्हा!

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. नुसतं स्पीड पोस्ट त्या पत्त्यावरचं दुसरं कुणीही घेऊ शकतं. पत्र तिच्याच हाती, किंवा तिनं लेखी अधिकार दिलेल्या माणसाच्या हाती पडायचं असेल तर खिडकीवर 'रजिस्ट्रेशन' वेगळं मागावं लागतं. त्याचे थोडे जास्त पैसे पडतात. ते संस्थेनं भरावेत, बाईकडून घेऊ नयेत.