पाचांची मर्यादा आणि दहा आकडी नाव

लग्नसराई आली की जामनेर तालुक्यात एक तक्रार हमखास कानी पडते. पत्रिका छापून झाली, तिचे छायाचित्र फोनवर आले, आता ते सोयऱ्याधायऱ्यांना धाडायचे. पण व्हॉट्सॲप एका वेळी पाचांच्या पुढे जाऊ देत नाही. पाच जणांना पाठवा, मागे या, पुढचे पाच निवडा. आपल्याकडच्या बेताच्या लग्नातही आठशे घरांची यादी सहज होते. म्हणजे एकशे साठ खेपा झाल्या! पूर्वी अक्षता घेऊन घरोघर फिरणाऱ्याला निदान दारोदारी चहा तरी मिळे. इथे वरबापाचा अंगठा दुखून येतो आणि एवढे करून ज्याचे नाव राहून जाते तो रुसायचा तो रुसतोच. जिथे चूलबंद आमंत्रणाची रीत, तिथे हा मानापमान साधा नसतो.

दुकानदारांचे गाऱ्हाणे निराळे. बियाणे आले, खत आले, हे गिऱ्हाइकांना कळवायचे तर एकगठ्ठा निरोपाच्या यादीत २५६ नावेच मावतात. त्यातही ज्याने दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये नोंदवून ठेवला असेल त्यालाच निरोप पोहोचतो. बाकीच्यांना तो कधी निघाला हेही कळत नाही. ग्रुपचे तसेच. पूर्वी शंभर माणसे मावत, २०१६ साली २५६ झाली, २०२२ मध्ये आधी ५१२ आणि मग १०२४. तरी मोठ्या गावाचा ग्रुप भरतो आणि 'ग्रुप क्रमांक दोन' निघतो. त्यात पडलेल्यांना दुसऱ्या पंगतीला बसवल्यासारखे वाटते, ते काही उगीच नाही.

हा पाचाचा आकडा आला कुठून? अमेरिकेतल्या कुणा साहेबाच्या लहरीतून आला, अशी पुष्कळांची समजूत आहे. तो ज्या घटनांमुळे आला त्यांतली एक अतिशय भीषण घटना आपल्या खानदेशात घडलेली आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या भागात आधीच पसरली होती. कुणाला संशय आला, जमाव जमला, आणि त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन ठेचून मारले गेले. ज्या इमारतीत जन्ममृत्यूची नोंद होते, त्याच इमारतीत. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून जमावाच्या तावडीत सापडलेल्या एका कुटुंबाला, त्यात लहान मूलही होते, पोलिसांनी कसेबसे सोडवले म्हणून ते वाचले.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली होती. तिचा शेवटचा, खुलासा करणारा भाग कापून कुणीतरी ती सोडून दिली. आपल्या लोकांनी ती खरी मानून पुढे ढकलली, तीही कळवळ्याने! 'तुमच्याही घरी लेकरे आहेत, सर्वांना पाठवा.' वाईट बुद्धीने पाठवणारे थोडेच होते. आत्या, मावश्या, शाळेतले मास्तर, सगळ्यांनी काळजीपोटीच पाठवले.

राईनपाड्यानंतर एक-दोन दिवसांतच केंद्र सरकारने कंपनीला कडक शब्दांत कळवले. महिना संपायच्या आत कंपनीने भारतापुरती मर्यादा जाहीर केली : आलेला निरोप एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल. जानेवारी २०१९ मध्ये तीच मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, वारंवार पुढे आलेल्या निरोपाला एकाच ठिकाणची परवानगी उरली. त्यानंतर असे निरोप सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. मेलेलेही पाच आणि मर्यादाही पाचाची, हा योगायोग आहे. पण खानदेशातल्या माणसाला तो विसरता येऊ नये.

अफवेला फोन लागतोच असे नाही, हे मान्य. गणपती दूध पितो ही वार्ता २१ सप्टेंबर १९९५ रोजी एका दिवसात देशभर पोहोचली, तेव्हा देशात मोबाइल सेवा सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. पण तोंडी अफवेला सांगणाऱ्याचा चेहरा असतो. 'कोण म्हणाले?' असे विचारता येते आणि पारावरचा एखादा नाना 'त्याचे काय ऐकता' म्हणून तिथेच तिची वासलात लावतो. फोनवरच्या निरोपावर 'पुढे पाठवलेला' एवढाच शिक्का असतो. म्हणून वरबापाचा अंगठा दुखला तरी पाचाची मर्यादा राहावी, असेच आमचे मत आहे. आठशे घरांपैकी शंभर-दीडशे घरी फोनवर बोलून आमंत्रण गेले, तर त्यात कुणाचे काही बिघडत नाही.

दुसरी तक्रार मात्र अशी सोडून देता येत नाही. ती आहे ओळखीची.

१९८०-९०च्या दशकांतली लग्नपत्रिका घरात कुठे सापडली तर पाहा. फोन नंबरापुढे 'पी. पी.' अशी अक्षरे दिसतील. म्हणजे फोन शेजाऱ्याचा. त्याने हाक मारायची आणि आपण चपला न घालता पळत जायचे. नंबर दुसऱ्याचा असला तरी माणूस कोण याबद्दल कुणाचा गोंधळ होत नसे. पत्राचेही तसेच. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याने आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला आणि जामनेरला ४२४२०६ हा आकडा मिळाला. तो गावाचा आकडा. माणसाचे नाव त्याच्या वर, निराळ्या ओळीत, शाईने लिहिलेले असे.

आता त्या ओळीत दहा आकडे येऊन बसले आहेत. व्हॉट्सॲपचे खाते नंबरावर, बँकेचा ओटीपी नंबरावर, गॅसची नोंदणी नंबरावर, सरकारी योजनेचा अर्जही नंबरावरच. आणि हा नंबर आपला नसतोच. आपण त्याचे भाडेकरू. रिचार्ज राहिला, सिम बंद पडले, तर बंद झाल्यापासून नव्वद दिवसांनी तोच नंबर दुसऱ्या कुणालाही देता येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. खाते पंचेचाळीस दिवस वापरात नसेल आणि नंबर नव्या फोनवर सुरू झाला, तर जुनी माहिती आपण काढून टाकतो, असे व्हॉट्सॲपने सांगितले. नंबर सोडण्याआधी ग्राहकाने स्वतःच खाते पुसून टाकावे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कायद्याच्या दृष्टीने ते ठीकच. पण ज्याचा फोन शेतात पडून हरवला, किंवा जी माणसे दवाखान्याच्या खर्चापायी तीन महिने रिचार्ज करू शकली नाहीत, त्यांनी पुसायचे कसे?

यात सगळ्यांत अडचणीत येते ती घरची बाई. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने जुना फोन आईला दिला. फोन तिच्या हातात, सिम त्याच्या नावावर. माहेरच्या बायकांचा ग्रुप, नातवाचे फोटो, बचत गटाचे हिशेब, सगळे त्या सिमवर. उद्या ते बंद पडले तर नवे काढायला मुलाला पुण्याहून यावे लागते, कारण कागदोपत्री ती त्या नंबराची कुणीच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला, की ज्या सिमवर निरोपाचे ॲप उघडले ते सिम फोनमध्ये चालू असेल तरच ॲप चालावे. हेतू फसवणूक रोखण्याचा आहे आणि तो योग्यही आहे. पण त्याने नंबराशी बांधलेली गाठ आणखी घट्ट होते, आणि सिम परक्या नावावर असलेल्यांना ती जास्त काचते.

जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलता येते. तो हक्क मिळाला तेव्हा कंपन्या काही बुडाल्या नाहीत. निरोपाच्या ॲपला असा हक्क लागू नाही. तुम्ही बाहेर पडलात तर नातलग आत राहतात. एके काळी अमेरिकेतल्या मुलाशी बोलायला आईबाप सायबर कॅफेत जाऊन याहू मेसेंजर उघडत. ते १७ जुलै २०१८ रोजी कायमचे बंद झाले आणि कित्येकांची ती नावे त्याच्याबरोबर गेली. युरोपीय संघाने मार्च २०२४ पासून बड्या निरोप-कंपन्यांवर दुसऱ्या ॲपसाठी दार उघडे ठेवण्याचे बंधन घातले आहे. तसे ते आपल्याकडेही हवे.

शिवाय खाते कंपनीनेच बंद केले तर? ऑगस्ट २०२४ या एकाच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतातली ८४ लाखांहून अधिक खाती बंद केली. त्यांत लुबाडणारे पुष्कळ असतील, आणि ती बंद झाली हे बरेच झाले. पण अनोळखी गिऱ्हाइकांना केळीचे भाव धडाधड पाठवणारा एखादा साधा व्यापारीही त्यात सापडू शकतो. त्याने जायचे कुठे? कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, आणि तिथे समाधान झाले नाही तर तीस दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे. १ मार्च २०२३ पासून तिथे ऑनलाइन अपील करता येते. खाते गेले तरी हे दार आहे, हे आपल्या बाजारपेठेत किती जणांना ठाऊक आहे? तालुक्याच्या ठिकाणी समोर बसून ऐकणारा एक माणूस असता तर याहून बरे झाले असते. वीज मंडळाचा असतो, पोस्टाचा असतो.

आज रविवार आहे, घरचे सगळे घरी असतील. केंद्राच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत हे पाहता येते. एका नावावर नऊच्या वर ठेवता येत नाहीत. एकदा पाहून घ्यावे, आणि आईच्या हातातले सिम मुलाच्या यादीत निघाले तर पुढच्या बाजाराच्या दिवशी तिचे आधार कार्ड बरोबर घेऊन ते तिच्या नावावर करून आणावे.