मोठा सर्व्हर घेण्याआधी कामांचं वेळापत्रक बघा



बोईसरला राहणाऱ्याला गर्दी म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. तारापूर एमआयडीसीत शिफ्ट सुटली की स्टेशन गाठणं मुश्कील होतं. अर्ध्या तासाने तोच रस्ता मोकळा! म्हणजे रस्ता अरुंद आहे ही अडचण छोटी, सगळे एकाच वेळी निघतात ही मोठी.

तुमच्या वेबसाइटचंही अगदी असंच आहे.

मे महिन्यात पालघरचे एक दादा भेटायला आले. चिकूचे चिप्स आणि पावडर ऑनलाइन विकतात. रोज सकाळी साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफर टाकायचे. लोक लिंक उघडायचे आणि साइट नुसती फिरत बसायची. दोन ग्राहकांचे पैसे कापले गेले, ऑर्डर मात्र नोंदलीच नाही. होस्टिंगवाला म्हणाला, "मोठा प्लॅन घ्या." दादांनी घेतला. खर्च दुप्पट झाला, साइट जशीच्या तशी.

आम्ही सेटिंग उघडून बघितलं. बॅकअप रात्री बाराला लावलेला होता, पण सर्व्हरचं घड्याळ न्यूयॉर्कचं! उन्हाळ्यात तिथे रात्रीचे बारा वाजतात, तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं आणि आपण आत दुकान झाडतोय. बॅकअप आपल्या पहाटे तीनला नेला आणि साइट सुटली. दादा जुन्या प्लॅनवर परत आले.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: आधी वेळापत्रक, मग सर्व्हर. छोट्या धंद्यात प्रत्येक रुपया मोजून खर्च करायचा असतो. आपल्याच कामांनी केलेली गर्दी हटवायला दर महिन्याला भाडं कशाला भरायचं?

मोठ्यांनाही हे करावं लागलंय. आयआरसीटीसीने २०१४ मध्ये नवी ई-तिकीट यंत्रणा आणली. तरीही जून २०१५ पासून तत्काळची वेळ विभागली गेली. एसीचं बुकिंग सकाळी १० वाजता, नॉन-एसीचं ११ वाजता. नवी यंत्रणा हाताशी असतानाही गर्दी दोन भागांत वाटावीच लागली. मग आपण कोण?

आता या आठवड्यात एवढं करा.

१. यादी करा. बॅकअप, स्टॉक अपडेट, ईमेल, रिपोर्ट अशी आपोआप चालणारी सगळी कामं कागदावर लिहा. कोणतं काम कधी सुरू होतं आणि किती वेळ चालतं, तेही लिहा.

२. घड्याळ तपासा. बरेच सर्व्हर यूटीसी वेळेवर असतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. तिथले रात्रीचे बारा म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच.

३. सगळं बाराच्या ठोक्याला लावू नका. एक काम २:१७ ला, दुसरं ३:०५ ला. पहिलं संपलं नसेल तर तेच काम पुन्हा सुरू होऊ नये, यासाठी डेव्हलपरला लॉक लावायला सांगा.

४. वर्डप्रेस असेल तर हे नीट वाचा. त्याची ठरलेली कामं स्वतःच्या घड्याळावर चालत नाहीत. कुणी साइट उघडली की तेव्हा ते बघतं, कुठलं काम बाकी आहे का. त्यामुळे रात्री कुणी आलंच नाही तर बॅकअप तसाच राहतो आणि सकाळी पहिल्या ग्राहकाबरोबर सुरू होतो. डेव्हलपरला सांगा, की ही सोय बंद करून होस्टिंग पॅनेलमधून दर १५ मिनिटांचा खरा क्रॉन लावा. काम पाच मिनिटांचं आहे.

५. मेसेज टप्प्याटप्प्याने पाठवा. हजार जणांना एकदम लिंक टाकण्याऐवजी दोनशे-दोनशे जणांना अर्ध्या तासाच्या अंतराने टाका. गिऱ्हाईक तेवढंच येईल, पण रांगेने येईल.

कुणी म्हणेल, "सर, मग मोठा सर्व्हर कधीच घ्यायचा नाही का?" घ्यायचा ना! ही पाचही कामं झाली, मागे कुठलंही काम चालू नाही, तरी गर्दीच्या वेळी पॅनेलमधला सीपीयूचा आलेख वरच टेकलेला दिसतो? डेव्हलपरनेही साइटमध्ये दोष नाही असं सांगितलं? मग बिनधास्त घ्या. तो खर्च आनंदाचा आहे, कारण आता खरंच ग्राहक वाढलेत.

पण ते आलेख बघून ठरवा, होस्टिंगवाल्याच्या फोनवरून नको. त्याचा धंदा प्लॅन विकण्याचा आहे. तुमचा धंदा चिकू, पापड, कपडे, नट-बोल्ट विकण्याचा आहे.

आज रात्री दुकान बंद केल्यावर वही घ्या आणि पहिली यादी लिहून काढा. फुकटात होणारं काम आधी, पैशाचं काम नंतर!