गुणगौरव कुणाचा आणि कशासाठी?

डिसेंबर उजाडला की सीमाभागातल्या मराठी हायस्कुलांत धांदल सुरू होते. वार्षिक क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन, प्रतिभा कारंजीत नंबर काढलेल्यांचे कौतुक, हस्तलिखिताचे प्रकाशन, दहावीसाठी व्याख्यानमाला आणि परीक्षेच्या तोंडावर शुभेच्छा समारंभ. याच दिवसांत कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी अशा गावांतून साहित्य संमेलने भरतात. तिथे ग्रंथदिंडीपुढे लेझीम खेळणारी, स्वागतगीत म्हणणारी मुलेमुली कुठून येतात? याच शाळांतून. पुढे दहावीचा निकाल लागतो आणि युवक मंडळे, पतसंस्था, माजी विद्यार्थी संघटना यांच्या गुणगौरव समारंभांना ऊत येतो.

हे सारे चांगलेच आहे. गावातल्या माणसांनी आपल्या मुलांच्या पाठीवर हात ठेवायचा नाही तर कुणी ठेवायचा? पण आम्हाला आज वेगळाच प्रश्न विचारावासा वाटतो. आपण नेमका कुणाचा गौरव करतो, आणि त्या गौरवाने शाळेचे काय भले होते?

समारंभ पाहा. व्यासपीठावर दोन रांगा पाहुणे. त्यांचे शाल-श्रीफळ होईपर्यंत तासभर जातो. मग पहिल्या तीन क्रमांकांची नावे, टाळ्या, फोटो. दुसऱ्या दिवशी बातमी आणि चौकात डिजिटल फलक. त्या फलकावर टक्केवारीखेरीज काही नसते. पण शाळा म्हणजे तीन मुले नव्हेत. आठवीला दाखल झालेल्यांपैकी दहावीपर्यंत किती पोचली, परीक्षेला किती बसली, उत्तीर्ण किती झाली आणि पुढे शिकायला किती गेली, हा शाळेचा खरा ताळेबंद. तो कुठल्या समारंभात वाचून दाखवला जातो?

टक्केवारी किती फसवी असते, हे २०२४ साली सगळ्या राज्याने पाहिले. त्या वर्षी कर्नाटकात दहावीच्या परीक्षा केंद्रांवर कॅमेरे लावून थेट देखरेख ठेवली गेली. २०२३ साली ८३.८९ टक्के असलेला राज्याचा निकाल ७३.४० टक्क्यांवर आला, आणि तोही सवलतीचे गुण वाढवून दिल्यावर. एका वर्षात मुले काही मठ्ठ झाली नव्हती, देखरेख कडक झाली होती. ही गोष्ट सर्व माध्यमांची आहे. तिच्यातून आपण घ्यायचा धडा एवढाच, की फलकावरच्या आकड्यापेक्षा वर्गात काय शिकवले गेले याची चौकशी जास्त करावी.

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला. दहावीची परीक्षा एकाच वर्षात तीनदा देण्याची सोय झाली. एखादा विषय राहिला तरी वर्ष वाया न घालवता पुन्हा बसता येते, आणि गुण कमी वाटले तर सुधारताही येतात. ही मोठी सवलत आहे. पण तिचा फायदा कुणाला होतो? ज्याच्या घरी कुणीतरी समजावून सांगणारे आहे त्याला. शेतमजुराचा किंवा गवंड्याचा मुलगा एका विषयात राहिला की घरचे म्हणतात, पुरे झाले आता. आठवडाभरात तो उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात नाहीतर दुकानात कामाला लागलेला असतो. मुलगी असेल तर स्थळे पाहायला सुरुवात होते. गुणगौरवाच्या मंडपात ही मुले येत नाहीत, कारण त्यांना बोलावलेलेच नसते. आमच्या मते पहिल्या परीक्षेत अडखळून पुढच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलाचा सत्कार पहिल्या आलेल्याइतकाच मानाने व्हायला हवा. ती काही लहान कमाई नव्हे.

शिष्यवृत्तीचेही तेच. आठवीत घेतल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या एनएमएमएस परीक्षेत यश मिळाले तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठीच ही योजना आहे. आपल्या मराठी शाळांत हीच मुले बहुसंख्येने आहेत. एका समारंभाच्या मांडव-माइकवर जो खर्च होतो, त्यात या परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग कितीतरी आठवडे चालतील.

आता जरा अवघड बोलतो. राज्यघटनेत १९५६ साली घातलेले ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगते. त्या कलमाचा आधार घेऊन आपण निवेदने देतो आणि ती दिलीच पाहिजेत. परंतु २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच एका प्रकरणात निवाडा दिला, की मुलाने कुठल्या माध्यमात शिकावे हे पालक ठरवतील, सरकारला सक्ती करता येणार नाही. म्हणजे मराठी शाळा चालू ठेवण्याचा हक्क घटनेने दिला, पण वर्गातले बाक भरण्याचे काम कुठलेही कलम करणार नाही. ते घरात ठरते. पट घसरला की तुकडी टिकवणे कठीण, तुकडी गेली की शिक्षकाची जागा गेली, आणि शिक्षक नाही म्हणून उरलेले पालकही दुसरी शाळा शोधतात. ही उतरंड एकदा ढासळू लागली की थांबत नाही.

मराठी शाळा वाचवा असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांपैकी किती जणांची नातवंडे समोरच्या बाकांवर बसलेली असतात? हा प्रश्न आम्ही कुणाला हिणवण्यासाठी विचारत नाही. समोरचा पालक मनातल्या मनात तोच विचारत असतो, म्हणून विचारतो.

पालकांची भीतीही समजून घेतली पाहिजे. दहावीनंतर सायन्सला गेले की शिकवणे इंग्रजीतून, नोकरीला कन्नड हवे, मग मराठीतून शिकून काय, असे ते म्हणतात. ही अडचण खरी आहे आणि तिला उत्तरही आहे. दहावीची परीक्षा संपल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंत मुले मोकळी असतात. त्या काळात गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द आणि पाठ समजावणारा एक वर्ग प्रत्येक शाळेत चालवता येईल. शाळेचे इंजिनियर, डॉक्टर, प्राध्यापक झालेले माजी विद्यार्थी कमी नाहीत. सत्काराला येतात, तसे शिकवायलाही येतील.

कन्नडचेही तसेच. २०१५ च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत ती शिकणे आवश्यक झाले आहे. सक्तीला आपला विरोध आहे, भाषेला कधीच नव्हता. आपल्या जुन्या घरांतली माणसे पेठेत सहज कन्नड बोलतात आणि घरी येऊन शुद्ध मराठीत पत्र लिहितात. मुलांना कन्नड कच्चे ठेवून मराठी पक्की होत नाही.

तेव्हा यंदाच्या समारंभांसाठी आमच्या चार सूचना आहेत. शाळेचा पूर्ण ताळेबंद, चांगला असो वा वाईट, सर्वांसमोर वाचावा. पाहुण्यांचे सत्कार बंद करून तो पैसा शिष्यवृत्ती वर्गाला द्यावा. पुन्हा परीक्षा देऊन पास झालेल्यांना आणि रोज लांबून येऊन हजेरी न चुकवणाऱ्यांना मान द्यावा. आणि नापास झालेल्यांच्या घरी निकालाच्या आठवड्यातच शिक्षक व पंचमंडळींनी मिळून जावे. जून २०२३ पासून राज्यात मुलींना व महिलांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. तेव्हा तिकीट परवडत नाही म्हणून मुलगी घरी बसली, हे कारण कुणाकडून ऐकून घेऊ नये.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झाला. न्यायालयाचा निकाल आपल्या हातात नाही. मात्र पुढच्या वर्षी आठवीच्या वर्गात किती नवी नावे लागतात, हे आपल्याच हातात आहे, आणि त्यासाठी मेपर्यंत घरोघर फिरायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.