परीक्षा अवेळीच होते

संकट वेळ सांगून येत नाही, हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की त्यातील अर्थ कोणासही बोचत नाही. तो बोचावा म्हणून सोलापूरकरांना दोन पहाटांचे स्मरण करून देणे आम्हांस अवश्य वाटते. पहिली ३० सप्टेंबर १९९३ ची. गणेशविसर्जन आटोपून लोक निद्राधीन झाले असता ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची भूमी हादरली, हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली आणि जखमींचा ओघ सोलापूरच्या शासकीय रुग्णालयाकडेही लागला. दुसरी पहाट १८ मे २०२५ ची. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यास आग लागून मालकासह आठ जणांचा बळी गेला. त्या पहाटे भाजलेले चाळीस कामगार एकदम रुग्णालयाच्या दारी आले असते तर काय झाले असते, हा प्रश्न शहराने स्वतःस विचारावयास हवा.

किल्लारीच्या वेळी माणुसकी कमी पडली नाही, पुढेही पडणार नाही. परंतु माणुसकी म्हणजे सिद्धता नव्हे. नित्याच्या दिवशी डॉक्टर एका रुग्णासाठी सर्वस्व पणास लावतो. आपत्तीच्या दिवशी त्याला अनेकांत निवड करावी लागते. तात्काळ उपचारांनी वाचेल तो लाल, थोडा थांबू शकेल तो पिवळा आणि चालू शकतो तो हिरवा, अशी वर्गवारी दारातच न झाल्यास, जो मोठ्याने ओरडतो त्यावर प्रथम उपचार होतात आणि बेशुद्ध पडलेला मुकाट्याने मरतो. १५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन येथे मॅरेथॉनच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. अडीचशेहून अधिक लोक जखमी झाले. पण जो जिवंत रुग्णालयात पोहोचला, त्यांतील एकही दगावला नाही. तेथील रुग्णालयांनी अशा प्रसंगाची तालीम पूर्वी अनेकदा केली होती.

रुग्णालय स्वतःच आपत्तीचे स्थान झाले तर काय, हा प्रश्न याहून दारुण आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागली. सतरांपैकी सात बालके वाचली, दहा गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकला प्राणवायूच्या टाकीस गळती होऊन वीसहून अधिक रुग्ण प्राणास मुकले आणि नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या आगीत अकरा जण गेले. कायदा नव्हता म्हणून हे घडले काय? २००६ च्या राज्य अग्निप्रतिबंधक कायद्यान्वये अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत सादर करावयाचे असते. रुग्णालयांच्या सुरक्षिततेविषयी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१६ सालीच निघाली. उणीव कागदाची नाही, कृतीची आहे.

सोलापूरची जबाबदारी तर अधिकच मोठी. येथील शासकीय रुग्णालयाकडे धाराशिवपासून सीमेपलीकडील कलबुर्गी-विजयपूरपर्यंतचे रुग्ण आशेने पाहतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या महापुराने लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग अडला, तेव्हा मोहोळकडील अत्यवस्थ रुग्ण येथे आणावयाचा कसा, हा प्रश्न केवळ कल्पनेतील राहिला नव्हता.

मनुष्यबळ अपुरे आहे, पैसा नाही, असे उत्तर येईल. ते खोटे नाही. पण तालमीस फारसा पैसा लागत नाही. आमची मागणी साधी आहे. वर्षातून दोनदा, आणि त्यांतील एकदा रात्री, सर्व रुग्णालयांची संयुक्त तालीम व्हावी. अश्विनी, मार्कंडेय यांसारख्या सहकारी रुग्णालयांसह कोणाकडे किती खाटा, किती रक्त, भाजलेल्यांची सोय किती, याची यादी एका ठिकाणी अद्ययावत असावी. वीज गेल्यास जनित्र किती वेळात सुरू होते, अतिदक्षता विभागातील रुग्ण कोणत्या जिन्याने व कोणी खाली न्यावयाचा, हे रात्रपाळीच्या परिचारिकेस व वॉर्डबॉयलाही ठाऊक असावे. कारण आपत्तीच्या पहिल्या दहा मिनिटांत अधिष्ठाता नव्हे, तीच माणसे तेथे असतात. आणि तालमीत आढळलेल्या उणिवा दडविण्याऐवजी नागरिकांपुढे ठेवाव्यात.

उणीव तालमीत दिसली तर लाज वाटेल. प्रत्यक्ष प्रसंगी दिसली तर प्राण जातील. या दोहोंतील निवड करण्यास अजून अवधी आहे. तो किती आहे, हे मात्र कोणीच सांगू शकत नाही.