भिंत पुसण्याआधी तक्रार नोंदवा

३० मार्च २०२५, ईदच्या आदल्या दिवशीची पहाट. बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावी मस्जिदीत जिलेटिनचा स्फोट घडवला गेला. सरपंचांनी पहाटे चारच्या सुमारास तलवाडा पोलिसांना कळवलं आणि त्याच दिवशी दोघांना अटक झाली. पुढे यूएपीएचं कलमही लागलं. लवकर गेलेल्या खबरीचा हा फायदा.

पण लहान प्रकारात आपण काय करतो? दर्ग्याच्या भिंतीवर कुणी शिवी लिहिली, मस्जिदीची काच फोडली की बुजुर्ग म्हणतात, "जाऊ द्या, वाढवू नका." सकाळी चुना मारला जातो आणि पुरावाही जातो. हेतू चांगला असतो, पण उद्या मोठं काही घडलं तर आधीच्या प्रकाराची कागदावर नोंदच नसते.

माढा असो, कुर्डूवाडी असो की टेंभुर्णी, असं काही दिसलं तर आधी ११२ ला फोन करा. फोटो, व्हिडिओ काढा, पण व्हॉट्सॲपवर फिरवू नका. मजकूर चिथावणीचा असेल तर त्यावर कापड टाका. पंचनामा होईपर्यंत पुसू नका. सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवा.

तक्रार ट्रस्टी किंवा मुतवल्लींनी लेखी द्यावी. खरी मेख शब्दांत आहे. नुसतं "काच फुटली" लिहिलं तर किरकोळ नुकसान म्हणून अदखलपात्र नोंदीवर भागवलं जाऊ शकतं. धर्माचा अपमान करण्याच्या हेतूने प्रार्थनास्थळाची नासधूस किंवा विटंबना करणं हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २९८ खाली दखलपात्र गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. म्हणून जागा कोणती, मजकूर काय, वेळ कोणती, हे नेमकं लिहा. जे पाहिलं तेवढंच लिहा. संशयावरून कुणाचं नाव घालू नका.

दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार सोलापूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा. तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

पोरांना रस्त्यावर उतरू न देणं ही जमातीची जबाबदारी आहेच. पण त्यांना थांबवायचं तर "तक्रार दिलीय, ही बघा प्रत" असं सांगता आलं पाहिजे. सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे.