लांब आहे अजून!
"लांब आहे अजून," म्हणत दुचाकीसमोरून उजवीकडे वळणारा मोटारवाला पुण्यात या आठवड्यातही चौकाचौकांत दिसला. त्याची नजर ठीक असते, फसतो तो अंदाज. समोरून येणारी अरुंद दुचाकी डोळ्यांत फार सावकाश मोठी होते. म्हणून ती ट्रकपेक्षा दूर आणि हळू भासते. ताशी ६० किलोमीटरने मात्र ती सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. स्वार ब्रेक दाबेपर्यंत तेवढं अंतर संपलेलं असतं. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. तरी २०१९च्या जानेवारीत पुणेकरांनी हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा काढला (चालणारं डोकं झाकायचं कशाला!). हेल्मेट हवंच, पण धडकेचा पहिला दोष वळणाऱ्याचा. दुचाकी दिसली, की त्याने मुकाट्याने थांबावं.