झाऱ्याची नोंद आहे, संगणकाची कुठे आहे?



बहुतेक मंडळांच्या कपाटात एक डेड स्टॉक रजिस्टर असते. पातेली किती, सतरंज्या किती, खुर्च्या किती, सगळे त्यात लिहिलेले. लग्नकार्याला नेलेला झारा परत आला नाही, तर कार्यकारिणीत तासभर चर्चा होते. मग एक साधा प्रश्न. ज्या संगणकात सभासदांची नावे, पत्ते, मोबाईल नंबर आणि देणग्यांचा हिशेब आहे, तो जुना झाल्यावर कुठे गेला याची नोंद किती मंडळांकडे आहे?

हा प्रश्न मंडळापुरता नाही. तापी जिथे समुद्राला मिळते, त्या हजिऱ्याच्या पट्ट्यात कृभको, ओएनजीसी, रिलायन्स, एल अँड टी, पूर्वीचे एस्सार स्टील आणि बंदर आहे. उधना, लिंबायत, डिंडोलीहून आपली मुले तिकडे कामाला जातात. कायम नोकरी थोड्यांची, बाकीचे ठेकेदाराकडे. गेटपाससाठी आधार, पॅन, बँकेचे पासबुक, फोटो असे सगळे द्यावे लागते. मोठ्या कंपनीकडे संगणक विभाग असतो. लहान ठेकेदाराकडे मात्र अनेकदा गाळ्यातला एकच संगणक असतो. ठेका संपतो, गाळा बंद होतो, संगणक भंगारात जातो. त्यातले आपल्या पोरांचे कागद कुठे जातात?

'डिलीट केले होते' हे उत्तर पुरेसे नाही. डिलीट करणे म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणे. आतली पाने तशीच राहतात आणि जाणकार माणूस ती वाचू शकतो. अमेरिकेतील मॉर्गन स्टॅन्ली या बलाढ्य वित्तसंस्थेने २०१६ मध्ये जुनी संगणक केंद्रे मोडीत काढण्याचे काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिले. त्या कंपनीला माहिती पुसण्याचा अनुभव नव्हता. ग्राहकांची माहिती असलेली यंत्रे इंटरनेटवर लिलावात विकली गेली. या व अशाच हलगर्जीपणाबद्दल २०२० मध्ये सहा कोटी डॉलर आणि २०२२ मध्ये साडेतीन कोटी डॉलर दंड भरावा लागला. झेरॉक्स यंत्राचेही तेच. मोठ्या यंत्रांत डिस्क असते आणि छायाप्रती तीत साठू शकतात. भाड्याने घेतलेली अशी यंत्रे डिस्क न पुसता परत दिली म्हणून तिथल्याच एका आरोग्यविमा संस्थेने २०१३ मध्ये बारा लाख डॉलर मोजले.

बंदराचे उदाहरण तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या संगणकी हल्ल्याने मर्स्क कंपनीला जगभर घेरले, आणि न्हावा शेवा येथील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही कोलमडले. कंपनीला दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे करावे लागले. घरात किती दारे आहेत हेच ठाऊक नसेल, तर कड्या कोणत्या लावणार? जुने, विसरलेले, दुरुस्ती न झालेले यंत्र हेच चोराचे दार. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. तरीही ती वापरणारे संगणक आपल्या आसपास किती आहेत, हे कोणी मोजले आहे का?

कोणी म्हणेल, गरिबाच्या कागदात चोरण्यासारखे आहे तरी काय? आधार आणि पॅनच्या प्रतीवर परस्पर सिमकार्ड निघते, कर्ज उचलले जाते. श्रीमंत वकील लावतो. ठेक्यावरचा मुलगा मात्र दिवसाची हजेरी बुडवून पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मारतो.

२०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम निघाले आणि मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. पण कायदा दिल्लीत होतो, रजिस्टर गल्लीत भरावे लागते.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, घरापासून सुरुवात. प्रत्येक मंडळाने आणि पतपेढीने संगणक, मोबाईल, पेन ड्राईव्ह यांना क्रमांक द्यावा. कोणाच्या ताब्यात आहे, आत काय आहे आणि शेवटी कुठे गेले, हे लिहावे. निवडणूक आली की सभासदांची यादी पेन ड्राईव्हवर मागितली जाते. सभासदांना विचारल्याशिवाय ती कोणत्याही पक्षाला देऊ नये, मग उमेदवार आपला मराठी माणूस असला तरी. दुसरी, हजिऱ्यातील कंपन्यांकडे मागणी करावी की ठेका संपताना कामगारांची माहिती पुसल्याचा लेखी दाखला मिळाल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल निघू नये. तिसरी, मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला रस्ते-पाण्याबरोबर हेही विचारावे, की महानगरपालिकेचे जुने संगणक लिलावात काढण्यापूर्वी त्यातील डिस्क कोण नष्ट करते आणि त्याची नोंद कुठे पाहायला मिळेल?

यासाठी मोठा निधी लागत नाही. एक वही, एक जबाबदार माणूस आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष मोजणी पुरे. आपल्या आज्यांनी पितळी भांड्यांवर नावे कोरून घेतली, म्हणून ती घरात टिकली. सभासदांनी विश्वासाने दिलेली माहिती भांड्यांपेक्षा मोलाची आहे. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय पटलावर यावा.